तेविसावा कागद

माझ्या वनस्पतिसंग्रहात तेविसाव्या कागदावर रोप नाही. तिथं पेन्सिलीनं काढलेलं एक झाड आहे, शेजारी पानांची आणि फळाची मापं आहेत आणि खाली उजव्या कोपऱ्यात शाईनं लिहिलंय, 'नमुना गोळा केला नाही.' बाकीच्या सगळ्या कागदांवर वाळवलेल्या फांद्या दोऱ्यानं टाचून बसवल्या आहेत. शिकायला आलेली मुलं संच चाळताना तेविसाव्या कागदापाशी थांबतात आणि विचारतात, "बाई, हा राहून गेला का?" राहून गेला नाही, मी ठेवला. एवढ्या वर्षांत कितीतरी शहाण्या माणसांनी मला सुचवलं की आता कुठूनतरी एक फांदी आणून तिथं चिकटवून टाका, म्हणजे संच पुरा होईल. माझा संच पुराच आहे. ज्यांना तो अपुरा वाटतो त्यांनी दुसऱ्याचा बघावा.

साल त्र्याहत्तर असेल, नाहीतर चौऱ्याहत्तर. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या आणि पुढं सोपा. वडील, म्हणजे आबा, प्राथमिक शाळेत मास्तर. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे शाळेत छडी लागायची नाही, नुसता आवाज पुरायचा. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि आबांना त्याचा अभिमान होता तेवढीच धास्तीही होती. शेवटचं वर्ष सुरू होताना त्यांनी मला समोर बसवलं.

"पहिला वर्ग आला तर एम.एस्सी. कर. मी आडवा येणार न्हाय. न्हाय आला तर कुरुंदवाडचं स्थळ हाय, मुकाट्यानं बोहल्यावर चढायचं. कबूल?"

"कबूल."

"शब्द?"

"शब्द."

मुलगा वाईट नव्हता. साखर कारखान्यात नोकरी, नदीकाठची ऊसशेती, माणसं खाऊनपिऊन सुखी. पण मला तिथं जायचं नव्हतं, मला झाडं शिकायची होती. आणि शब्द दिल्यावर आमच्या घरात तो विषय संपायचा. आबांनी कुणाला येतो म्हटलं की ते तापातही जायचे. आम्ही पोरं त्याच वळणावर वाढलो होतो.

तर त्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी चार दिवसांची सहल ठरवली. गगनबावड्याचा घाट उतरून खाडीकाठच्या एका गावात मुक्काम. खाऱ्या पाण्यातली झुडपं, शेवाळं गोळा करायची, दाबून वाळवायची आणि संचात लावायची. त्या संचाला प्रात्यक्षिक परीक्षेत गुण होते.

"चार दिस? पोरांसंगं?" आबा म्हणाले. "समुद्रावर काय असं ठेवलंय? रंकाळ्यात शेवाळ न्हाय व्हय?"

"खाऱ्या पाण्यातलं पायजे, आबा."

"मग मीठ टाक की रंकाळ्यात."

आई चुलीपाशी होती. तिला हसू आवरेना. "वर्ग तर पयला पायजे म्हणायचं आणि पोरीला सहलीला सोडायचं न्हाय. ह्ये कुठलं हो तुमचं गणित?"

तीन दिवस घरात हाच वाद चालू होता. मी जेवण सोडलं नाही, उपाशी राहून भांडणं मला कधी जमलंच नाही. पोटभर जेवायचे आणि पुन्हा तोच विषय काढायचे. चौथ्या दिवशी आबांनी माझ्यासमोर नव्या चपला ठेवल्या. कापशीच्या कारागिराकडून, माझ्या पायाचं माप देऊन करून आणलेल्या, करकर वाजणाऱ्या. "घालून जा," म्हणाले. "कळू दे तिकडं, कोल्हापूरची पोरगी हाय म्हणून."

आम्ही बावीस जण होतो, त्यात मुली पाच. एसटी घाट उतरताना निम्म्या वर्गाचं पोट ढवळलं, सरांचंही. संध्याकाळी गावच्या शाळेत उतरलो आणि सकाळी ओहोटीला खाडीत शिरलो.

समुद्र म्हणजे मोठा रंकाळा, अशी माझी समजूत होती. खाडीनं ती पहिल्या पाच मिनिटांत मोडली. पाणी मागं सरकलेलं आणि समोर मैलभर काळा, तुकतुकीत चिखल. त्या चिखलातून तिवरांची मुळं उलटी वर आलेली, कुणी पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. ती श्वास घ्यायला वर येतात, असं सर सांगत होते. पुस्तकात मी ते पाठ केलं होतं, पण त्या मुळांमधून प्रत्यक्ष चालताना पुस्तकातलं एकही वाक्य आठवलं नाही. कांदळाच्या फांद्यांना शेवग्यासारख्या शेंगा लोंबत होत्या. त्या शेंगा नव्हत्याच, आईच्या अंगावरच रुजलेली रोपं होती. खाली पडायची ती थेट चिखलात उभी राहायची. निवटे नावाचे मासे पाण्याबाहेर पंखांवर सरपटत होते, आपण मासे आहोत हे विसरल्यासारखे. एकच नांगा मोठा असलेले लाल खेकडे तो नांगा आम्हाला हलवून दाखवत होते, आणि जवळ गेलं की पटकन बिळात. खंड्या पक्षी काठीवर बसून आमच्याकडं दुर्लक्ष करत होता. ओल्या चिखलावर पाणमांजराच्या पावलांची रांग होती. ती बघायला मी गुडघे टेकून इतकी वाकले की मैत्रिणीनं मला पदराला धरून ओढून काढलं. मला रडू आलं होतं. का, ते मला सांगता आलं नाही आणि मी सांगायला गेलेही नाही.

समोरचा काठ मात्र उघडा होता. तिथलं कांदळवन चुलीला आणि चुन्याच्या भट्टीला तोडून नेलेलं, नुसते खुंट उरलेले. आमच्या बाजूला जे शिल्लक होतं ते एका कारणानं. खाडीत घुसलेल्या एका टेकाडावर गावच्या देवाची राई होती, आणि राईची हद्द पार चिखलात, भरतीच्या पाण्यापर्यंत होती. तिथं कुणी कोयती चालवत नसे. सरकारची पाटी नाही, कुंपण नाही, राखणदार नाही. एक शेंदूर फासलेला दगड आणि त्याची पूजा करणारा एक म्हातारा गुरव, एवढाच बंदोबस्त.

सरांना जे झाड हवं होतं ते नेमकं त्या राईत होतं, आणि एकच होतं. आपल्या किनाऱ्यावर क्वचित कुठं सापडणारं. साल पेरूसारखी गुळगुळीत आणि पापुद्रे सुटलेली, मुळं फळीसारखी चपटी होऊन चिखलावर वळवळत गेलेली, आणि फांद्यांना कवठाएवढी, त्याहूनही मोठी तपकिरी फळं. गावात त्याला नुसतं देवाचं झाड म्हणत. सर ते झाड बघून लहान मुलासारखे खूश झाले. वर्षानुवर्षं त्यांनी आमच्या कॉलेजचा वनस्पतिसंग्रह एकहाती उभा केला होता आणि हे झाड त्यात नव्हतं. त्यांचा तो आनंद खरा होता. म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग मला जास्त आला.

गुरव म्हणाला, "देवाक विचारल्याशिवाय हयसर पान तोडूचा नाय."

"विचारा की," सर हसून म्हणाले. दक्षिणा ठेवली की उजवा कौल मिळतो, अशी त्यांची खात्री असावी.

आम्ही राईच्या कडेला चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. गुरवानं दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. ही घाटावरची लेकरं शिकायला आलीत, तुझ्या झाडाचा एकेक टहाळा मागतात, द्यायचा असेल तर उजवा कौल दे. "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. द्यायचा नसेल तर डावा दे, मग कुणी हात लावणार नाही. "व्हय म्हाराजा!" आम्ही पुन्हा म्हणालो. सरही म्हणाले. मी तर तालमीतल्या माणसाची पोरगी, माझा आवाज सगळ्यांत वर होता.

डावी पाकळी पडली.

सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. गुरवानं कुरकुर न करता पुन्हा लावलं. या वेळी फार वेळ काहीच झालं नाही, कुणीतरी खोकलं, आणि मग पुन्हा डावीच पडली. "नाय म्हणता," गुरव म्हणाला. जणू आत बसलेल्या घरमालकाचा निरोप सांगत होता. मग आमची तोंडं पडलेली बघून त्याला वाईट वाटलं. "थांबा, शहाळी घेवन येतंय," म्हणून तो टेकाड चढून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सर म्हणाले, "चला, पटापट. एकेक फांदी. फळ असेल तर उत्तम. फार गाजावाजा नको."

पोरांनी चाकू काढले. मला आधी वाटलं, सर थट्टा करतायत.

"सर, आपण व्हय म्हणालोय," मी म्हटलं.

"अगं, ती एक रीत असते. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत."

"मग तेव्हाच न्हाय म्हणायचं होतं की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांचा चेहरा लाल झाला. "हे बघ, नमुना नसेल तर त्याचे गुण नाहीत. परीक्षक बाहेरचे येणार आहेत, ते मला विचारून गुण देत नाहीत. नंतर माझ्याकडं रडत यायचं नाही."

"न्हाय येणार."

कुणी म्हणेल मी देवभोळी होते. अजिबात नव्हते. त्या दगडात देव आहे की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता आणि आजही पडत नाही. मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, मी मोठ्यानं कबूल केलं होतं. दुसरी, पाण्यापलीकडचा तो उघडा काठ. तिथंही कुणीतरी असंच म्हणालं असणार, एकेक फांदीच तर घ्यायची आहे. आम्ही बावीस जण, झाड एक, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बावीस. विज्ञान शिकलेल्या माणसाला एवढा गुणाकार यायला हवा होता. त्या राईत 'नाही' म्हणणारं कुणीतरी होतं, म्हणून ते झाड तिथं उभं होतं. ते 'नाही' कुणाच्या तोंडून आलं याच्याशी झाडाला काय देणंघेणं?

कुरुंदवाड मला आठवलं नाही असं नाही, चांगलं आठवलं. पहिला वर्ग एकदोन गुणांवर अडतो हे मला ठाऊक होतं. तरी मी चिखलात बसकण मारली, वही काढली आणि झाड मुळांपासून काढायला लागले. एकवीस फांद्या तुटल्या. तुटतानाचा आवाज मला डोक्यावरून ऐकू येत होता आणि मी मान वर करत नव्हते. पोरं चपला पायात सरकवून शाळेकडं गेली. सरही गेले, माझ्याशी न बोलता.

मी दोन तास काढत बसले. पट्टीनं जमिनीलगतची पानं मोजली, न तोडता. फळाभोवती पदराचा दोरा गुंडाळून माप घेतलं. एका पर्णिकेवर शिरा किती, हे मान वाकडी करून उलट्या बाजूनं बघून लिहिलं. कापून आणलेल्या फांदीवर मी कधीच इतका वेळ घालवला नसता. पाय ओले लागायला लागले तेव्हा पाहिलं तर चिखल दिसेनासा झाला होता. भरती आली होती. राईच्या कडेला धावत गेले तर चपला नव्हत्या. पंचगंगेच्या घाटावर आपण चपला काढतो आणि दिवस मावळेपर्यंत त्या तिथंच राहतात. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा घरी येतं, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, चपला ठेवताना नाही.

गुरव एवढ्या जणांची शहाळी पाडून घेऊन उतरला तेव्हा मी एकटीच उभी होते. त्यानं झाडाकडं पाहिलं. ताज्या तुटलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते, पण तो दगडापाशी गेला, हात जोडले आणि म्हणाला, "लेकरांका कळाक नाय रे म्हाराजा. सांभाळून घी."

"मामा, मी तोडलं न्हाय," मी म्हटलं. 

त्यानं शहाळं सोलून माझ्या हातात दिलं. "पी," म्हणाला. बाकीची शहाळी त्यानं शाळेत नेऊन सगळ्यांना वाटली.

मी घरी अनवाणी आले. आबांनी आधी पायांकडं पाहिलं.

"चपला?"

"पाण्यानं नेल्या."

"नदीवर ठेवतोय तशा ठेवल्यास व्हय? समुद्राच्या दारात?" त्यांनी कपाळाला हात लावला. पुढं पंधरा दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला त्या चपलांचं चामडं कसं होतं ते सांगत होते. झाडाचं मी काही बोलले नाही, विचारलंही नव्हतं कुणी.

नमुने मी घरी रद्दीच्या वर्तमानपत्रांत दाबले. वजनाला आईचा पाटा. तिला चटणी वाटायची असली की ती पाटा काढायची आणि वाटून झाल्यावर पुन्हा ठेवायची, त्यामुळे माझ्या सगळ्या संचाला कांदालसूण चटणीचा वास लागला. तो अजून आहे. खाडीची पानं मांसल, ती पाणी सोडत नाहीत, रोज कागद बदलावे लागतात. ज्यांनी कंटाळा केला त्यांची पानं काळी पडून गळाली. परीक्षेच्या दिवशी देवाच्या झाडाच्या एकवीस फांद्यांपैकी निम्म्यांना पान धड नव्हतं.

परीक्षक बाहेरगावचे, चष्मेवाले, मितभाषी. माझा संच उघडला आणि त्यांना शिंक आली. मग एकेक कागद उलटत तेविसाव्यापाशी थांबले. चित्राकडं बराच वेळ बघितलं.

"नमुना कुठं आहे?"

"झाडावर हाय, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आमचे सर पलीकडं उभे होते, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. परीक्षकांनी विचारलं नाही, झाडावर का. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. त्यांनी "चित्र चांगलं आहे" म्हटलं आणि गुण कापले. नियमानं बरोबर होतं ते. मला त्यांचा राग नाही.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग दोन गुणांनी गेला.

आबा निकालाचा कागद हातात घेऊन सोप्यात बसले. "दोन गुण कुठं गेलं?" त्यांनी विचारलं, आणि मग मी खाडी, कौल, चाकू, सगळं सांगितलं. तेविसावा कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "शब्द दिलावतास तू मला."

"व्हय. तिकडं बी दिला, हितं बी दिला. तिकडचा पाळला म्हणून हितला गळ्यात आला." त्यांच्या मांडीवरच्या कागदावर मी बोट ठेवलं. "मी मोडणार न्हाय, आबा. तुम्ही म्हणशीला त्या दिवशी बोहल्यावर उभी ऱ्हातो. पण मला जायचं न्हाय कुरुंदवाडला. मला शिकायचं हाय. तर तुम्ही सोडा मला शब्दातनं."

"दिल्याला शब्द सोडायचा असतोय व्हय?"

"ज्याला दिलाय त्यो सोडू शकतोय. त्या देवानं सोडला असता तर मी बी फांदी तोडली असती. त्यानं दोनदा डावा दिला. आता तुमचा कौल सांगा."

बापाशी असं कुणी बोलायचं नसतं. आई दारात येऊन उभी राहिली होती, तीही मला थांबवायला पुढं आली नाही. आबा उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले.

पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तेविसावा कागद मी सोप्यातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आणि कॅलेंडर खाली ठेवलं. तिथी बघायला मान वर केली की त्यांना झाड दिसायचं. रविवारी कुरुंदवाडची माणसं बघायला येणार होती. आईनं पोह्यांची तयारी करून ठेवली होती आणि डोळे पुसत होती.

शनिवारी दुपारी आबा बाजारातून आले ते काखेत एक पोतं घेऊन. त्यातून त्यांनी काळे रबरी गमबूट काढून माझ्यापुढं टाकले. उसाला पाणी पाजणारे गडी घालतात तसले, गुडघ्यापर्यंतचे, पुरुषी मापाचे.

"बायकांच्या मापाचं मिळत न्हाईत म्हणाला दुकानदार. बोळं कोंब आत," ते म्हणाले. मग आईकडं वळून म्हणाले, "पोस्टकार्ड न्हाय, तार करावी लागंल. उद्याचं येऊ नका म्हणून."

मी खाली बसून बूट पायात घातले आणि फरशीवर दोन पावलं टाकली. ते डबडब वाजले. आबा खिळ्यावरच्या कागदाकडं बघत होते.

"देवापाशी जाताना काढ त्ये," ते म्हणाले. "पर खाली ठिऊ नकोस. वर खडकावर ठीव, पाणी येत न्हाय तितं."